काकू नको, मॅम म्हण

इंदुरात मराठी माणसाला लपायला जागा नाही. शहर सुपर कॉरिडॉरपर्यंत पसरलं, बायपासपलीकडे टाउनशिप उभ्या राहिल्या, तरी आपलं मराठी इंदूर होतं तेवढंच आहे: रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, स्नेह नगर, राजेंद्र नगर आणि तिथून उठून मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेलेली, पण मनाने अजून जुन्या गल्लीतच असलेली माणसं. कोणाच्या नातवाने कोचिंग सोडलं, कोणाच्या मुलीचं ठरता ठरता फिसकटलं, हे सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात चहाचा कप हातात येईपर्यंत कळलेलं असतं. यात वाईट काही नाही. कोणी एमवाय रुग्णालयात भरती झालं तर संध्याकाळपर्यंत चार घरांतून डबे पोचतात, ते याच ओळखीपाळखीच्या जोरावर.

पण जरा पंधरा वर्षांच्या मुलीच्या जागी बसून बघा. शाळेतल्या गणिताच्या बाई आत्याच्या वर्गमैत्रीण. फॅमिली डॉक्टर बाबांसोबत सकाळी फिरायला जाणारे. कथकच्या क्लासमधली ताई शेजारच्या काकूंची भाची. सगळ्यांचा तिच्यावर जीव आहे. आणि नेमकं म्हणूनच, मनात जे चाललंय ते सांगायला यातलं एकही माणूस तिच्या कामाचं नाही.

मी या शहरात किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. मुलांचं काय अडतं असं कोणी विचारलं तर मोबाइल, मार्क, वजन, प्रेम, आईवडिलांची भांडणं अशी यादी मीही सांगू शकते, आणि ती खोटी नाही. पण मला दिसतं ते असं, की बहुतेक मुलांना माया कमी पडलेली नसते. ऐकून स्वतःपाशी ठेवणारं माणूस कमी पडलेलं असतं. या लेखातही कोणा एका मुलाची गोष्ट नाही. दोघा-चौघांची सरमिसळ केलीय, शाळा बदलल्यात, घरं बदललीत. वाचताना कोणाची ओळख पटल्यासारखी वाटली तर ती चुकीची पटली असं समजा.

मराठी घरातलं मूल आलं की पहिली अडचण हाकेची. आई दारातच सांगते, "काकूंना नमस्कार कर." मी तिथेच थांबवते. काकू नको, मॅम म्हण. आईला ते जरा तुसडेपणाचं वाटतं, आणि एरवी मलाही हा शाळकरी, कोरडा शब्द आवडत नाही. पण काकू म्हटलं की मी आईच्या बाजूची झाले. काकूला चुलत सासू असते, भिशी असते, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असतो, तिळगूळ द्यायला यायचं असतं. मॅमला यातलं काही नसतं. मुलांना हे कधी समजावून सांगावं लागत नाही. त्यांचे खांदे लगेच थोडे खाली येतात.

मग आई किंवा बाबा आणि मूल, दोघांनाही समोर बसवून मी एकच गोष्ट सांगते. दर वेळी तीच, जवळजवळ त्याच शब्दांत. "तू इथे जे बोलशील ते इथेच राहील. तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर. तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. आणि तुझ्यावर कोणी लैंगिक अत्याचार केलेला असेल तर. या तिन्हीत मी गप्प बसणार नाही. पण तुला आधी सांगितल्याशिवाय कोणाकडे जाणारही नाही."

तिसरी गोष्ट तर माझ्या मर्जीची नाहीच. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर असा अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मला एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं होतं, की असं आधीच सांगितलं तर मुलं बोलायची बंद नाही का होत? एखाद-दुसरं होतही असेल. पण बहुतेकांना उलट हायसं वाटतं. कुंपण कुठे आहे हे दिसलं की आत मोकळं फिरता येतं. शिवाय मुलं आपल्याला पहिल्या दिवसापासून तोलत असतात. ज्या माणसाने "मी कोणालाच काही सांगणार नाही" असं सरसकट वचन दिलं तो माणूस थापाड्या आहे, हे त्यांना आपल्याआधी कळतं.

यावर बाबांचा एक ठरलेला प्रश्न असतो. सगळे तो विचारत नाहीत, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो. एका बाबांनी सरळ विचारलं, "मॅडम, फी मी भरतोय. मग मला कळायला नको?" मला हा प्रश्न आवडतो, कारण त्यात ढोंग नाही. आणि तो अगदीच अवाजवीही नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण मूल अठरा वर्षांखालचं असेल तर त्याच्या वतीने उभं राहण्याचा अधिकार पालकांचाच ठेवलाय. औषधोपचाराचा, दवाखान्यात ठेवायचा निर्णय त्यांना वगळून होत नाही, आणि होऊही नये. म्हणून मी त्यांच्याशी हिशेब स्पष्ट ठेवते. मुलगा सुरक्षित आहे का, फरक पडतोय का, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायची गरज आहे का, घरात काय बदलायला हवं, हे मी सांगीन. तो कसा आहे ते सांगीन. तो काय म्हणाला ते सांगणार नाही. बहुतेक बाबा मान हलवतात. त्यातले निम्मे जाताना दारात वळून हळूच विचारतात, "पण कोणी मुलगी वगैरे नाही ना?"

आजोबा लोकांचा प्रश्न वेगळा. "आमच्या वेळी कुठे होते हे काउन्सेलर? आम्ही नाही मोठे झालो?" त्याला जोडून वाड्याचं वर्णन येतं: पंधरा चुलत भावंडं, गच्चीवर एका रांगेत घातलेल्या गाद्या, आजीची मांडी. ऐकायला गोड आहे. त्या गच्चीवर खरंच बरंच काही बोललं जात असेल. पण त्याच पिढीतल्या बायका आज सत्तरीत मला लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून, "आता काय त्याचं" म्हणत, चौदाव्या वर्षी घरातल्याच कोणाकडून काय सोसलं ते सांगतात. पंधरा भावंडांच्या गच्चीवर त्यांना ते सांगता आलं नव्हतं. सांगितलं असतं तर सकाळी सगळ्या वाड्याला कळलं असतं. तेव्हा जुन्या काळी सगळ्यांची मनं ठणठणीत होती हे मला मान्य नाही. सोय नव्हती, एवढंच.

आता खोलीत नेमकं काय होतं याबद्दल बाहेर बऱ्याच भन्नाट कल्पना आहेत. पालकांना वाटतं मी समजावते. "तुम्ही जरा समजावा त्याला, तुमचं ऐकेल." म्हणजे घरात जे रोज सांगून झालंय तेच फी घेऊन एकदा मी सांगायचं. मुलांनाही आधी तेच वाटतं आणि ती तयारीने येतात, हाताची घडी घालून.

एक मुलगा होता, दहावीतला. पहिले काही आठवडे तो फक्त क्रिकेटवर बोलला. होळकर स्टेडियमची बाउंड्री किती छोटी आहे, तिथे गोलंदाजांचे कसे हाल होतात, सेहवागने तिथे २०११मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ केल्या तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो की जेमतेम जन्मलो होतो यावर त्याचा मित्राशी झालेला वाद. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही. मी विचारत गेले, तो सांगत गेला. बाहेर आई अस्वस्थ. तासाचे पैसे देऊन मुलगा काय बोलतोय याचा तिला अंदाज असावा. आणि मग एक दिवस, बोलता बोलता, त्याच पट्टीत, आवाज न बदलता तो म्हणाला, "पप्पा आधी माझ्यासोबत मॅच बघायचे. आता ते दुसऱ्या खोलीत झोपतात." कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर हे मांडलं, की समोरच्याला न तोलता, न सुधारता, तो आहे तसा स्वीकारून ऐकणं ही उपचाराची पूर्वतयारी नव्हे, तोच उपचाराचा मोठा भाग. वाचताना हे भाबडं वाटतं. त्या मुलासमोर बसल्यावर वाटत नाही.

अर्थात नुसतं ऐकून सगळं भागत नाही. नववीतली एक मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही. आपण बोललो की आवाज कापतो, मान लाल होते आणि अख्खा वर्ग आपल्याकडे बघून हसतो, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. अशा वेळी "असं काही नसतं गं" म्हणणं म्हणजे तिला खोटं पाडणं. अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात जी विचार तपासायची पद्धत रुजवली, ती इथे कामी येते: मनात आलेल्या विचाराला खरा किंवा खोटा न ठरवता त्याची शहानिशा करायची. आम्ही ठरवलं की ती आठवड्यात एकदा वर्गात एक प्रश्न विचारेल, कितीही फालतू चालेल, आणि विचारून झाल्यावर मान वर करून मोजेल. किती जण बघतात, किती हसतात. पुढच्या वेळी ती आली ती दारातूनच बोलत. "मॅम, तिघंच. आणि त्यातला एक माझ्या मागचं घड्याळ बघत होता."

या वयात आपल्याभोवती कायम प्रेक्षक बसलेत असं वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७मध्ये लिहून ठेवलंय; त्यांनी त्याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. मी ते पालकांना आवर्जून सांगते. पण मला कधी कधी वाटतं, की आपल्या मुलांच्या बाबतीत ते प्रेक्षक पुरते काल्पनिक नसतात. गणेशोत्सवात स्टेजवर कविता विसरलेली मुलगी कॉलेजात जाईपर्यंत "अगं ती, कविता विसरलेली" म्हणून ओळखली गेलेली मी पाहिलीय. वर्गातले तिघं मोजता येतात. वस्तीतले कसे मोजणार?

झोपेबद्दल थोडक्यात सांगते, कारण यावरून घरोघरी विनाकारण महाभारत होतं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागा असलेला आणि सकाळी सहाला उठवत नाही असा मुलगा आळशी असेलच असं नाही. त्यात मोबाइल भर घालतो, हे खरं. पण स्कूलबस साडेसहाला येते यात मोबाइलचा काय दोष?

भाषेचं एक मात्र मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. ही मुलं घरी मराठी बोलतात, तीही आपली इंदुरी, हिंदीच्या अंगाने जाणारी. शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी. माझ्यासमोर बसल्यावर पहिली दहा मिनिटं मराठीत जातात: शाळा, विषय, आजी कशी आहे. मग जिथे खरं दुखतं तिथे पोचली की गाडी हिंदीवर जाते. "मॅम, मेरे को ना, घर जाने का मन ही नहीं करता." मी मराठीतच विचारत राहिले तरी उत्तर हिंदीत. आधी मला वाटायचं शब्द कमी पडत असतील. पण शब्द होते. त्याच मुलीने शुभंकरोतीपासून मनाच्या श्लोकांपर्यंत सगळं पाठ म्हणून बक्षिसं घेतलेली. मग वाटायला लागलं, की मराठी ही त्यांची चांगलं वागायची भाषा आहे. आजीसमोरची, पाहुण्यांसमोरची, स्पर्धेतली. घराचा राग घराच्याच भाषेत कसा काढायचा? हिंदीत तेच वाक्य थोडं लांबचं होतं, उच्चारता येतं. म्हणून मी आता भाषेचा आग्रह धरत नाही. महाराष्ट्र साहित्य सभेतले आमचे स्नेही हे वाचून नाराज होतील, पण त्या खोलीत मराठी टिकवणं हे माझं काम नाही.

आता कोचिंगकडे येते. टाळता येत नाही, कारण गीता भवन आणि भंवरकुआँ या दोन भागांत संध्याकाळी सातला चालत गेलात तर पाठीवर सॅक अडकवलेल्या मुलांतून वाट काढावी लागते. खरगोन, खंडवा, धार, बुऱ्हाणपूर, कुठकुठून आलेली. पीजीची कॉट, टिफिन सेंटरचा डबा, रविवारी टेस्ट आणि सोमवारी भिंतीवर रँक. केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये. आठवी-नववीच्या फाउंडेशन बॅचच्या पाट्या तरीही मी पाहते. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. त्या सगळ्या कोचिंगमुळे झाल्या असं कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. घर, आजार, कर्ज, प्रेम, जात, सगळं त्यात असतं. पण परक्या गावात, आपलं म्हणावं असं कोणी नसताना, दर सोमवारी आपली किंमत भिंतीवर वाचायला लागणं सोपं नाही.

बुऱ्हाणपूरकडचा एक मुलगा होता, घरी केळीची शेती, खानदेशी वळणाची छान मराठी. टेस्ट बिघडत गेल्या, वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये गेला. घरी सांगितलं नव्हतं. एक दिवस हिशेब मांडावा तसा तो मला म्हणाला, "मी नसलो तर पप्पांचे वर्षाचे किती पैसे वाचतील, मी काढलंय." मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतोय का. हे विचारायला लोक घाबरतात. विषय काढला तर नसलेलं डोक्यात शिरेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट, कोणीतरी तो शब्द तोंडाने उच्चारला की मुलाला एकट्याने वागवायचं ओझं खाली ठेवता येतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग हो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, आता मला तुझ्या घरी फोन करावा लागेल. तो उसळला. "तुम्ही म्हणाला होतात कोणाला सांगणार नाही." "तीन गोष्टी सोडून म्हणाले होते. ही पहिली." तो रडला, माझ्यावर खूप चिडला. त्या रागात आम्ही फोनवर काय सांगायचं ते ठरवलं, एक-एक वाक्य. त्याच्या जिवाला धोका आहे, त्याला एकट्याला ठेवायचं नाही, आज रात्रीच या, एवढं सांगायचं. खालची बॅच आणि दिवाळीपासून लपवलेले मार्क सांगायचे नाहीत. ते त्याचे होते. जीव वाचवायला त्यांची गरज नव्हती. फोन त्याच्यासमोर, स्पीकरवर केला. वडील येईपर्यंत त्याचा खोलीतला मित्र आणि मी त्याच्यासोबत थांबलो. ते मध्यरात्रीनंतर पोचले, शेतातल्या चपलांवरच. मला विचारलं, "नेमकं झालं काय?" ठरलं होतं तेवढंच मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, औषधं सुरू झाली, मुलगा काही महिने घरी गेला. मार्कांचं त्याने वडिलांना स्वतः सांगितलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं, त्याच्याचकडून.

गोपनीयता मोडणं म्हणजे सगळं गाठोडं सोडून ठेवणं नव्हे, हे मला पालकांना, शिक्षकांना आणि माझ्या क्षेत्रातल्या नव्या मुलामुलींनाही सांगावं लागतं. मोडायची तर गरजेपुरती, आणि मुलाच्या समोर. आणखी एक भीती काढून टाकायला हवी, पोलिसांची. आत्महत्येचा प्रयत्न केला तर केस होईल म्हणून कितीतरी घरं दवाखान्यातसुद्धा खोटं कारण सांगतात. २०१७चा कायदा असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतो. तिला शिक्षा देण्याऐवजी काळजी आणि उपचार मिळावेत ही जबाबदारी सरकारवर टाकतो. ज्यांना रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचं असेल त्यांच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास चालू आहे. तिथे बोलणारा माणूस तुमच्या आत्याला ओळखत नाही, हा त्याचा मोठा गुण.

शाळांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. कोचिंग संस्थाही त्यात आल्या, आणि गुणांवरून बॅचेस पाडणं, चारचौघांत मुलांचा पाणउतारा करणं यालाही न्यायालयाने मनाई केली. फार चांगलं झालं. पण समुपदेशक नेमला आणि बसवला कुठे? एका शाळेने मला प्राचार्यांच्या केबिनसमोरची खोली दिली होती. बाहेर ठळक पाटी. मुलाला बोलवायचं तर शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून सगळ्यांसमोर सांगणार, "काउन्सेलर मॅडमने बुलाया है." वर्गातून लगेच "ओहोऽऽ". अशा खोलीत कोण येणार? शाळेने पाठवलेली मारामारी करणारी मुलं तेवढी यायची, शिक्षा म्हणून. मी मागे लागून ग्रंथालयामागची जुनी नकाशांची खोली मागून घेतली. तिकडे मुलं एरवीही जात-येत असतात, त्यामुळे कोण कशासाठी गेलं हे कळत नाही. वर्गात येणारी चिठ्ठी ग्रंथालयाची. भिंतीवर अजून मध्य भारताचा नकाशा आहे. मुलं यायला लागली.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तिघं. हे झालं निदान होण्याइतक्या आजाराचं. ज्यांना नुसतं जड वाटतंय ती मुलं यात धरलेली नाहीत. त्या तिघांना बहुधा समुपदेशनाच्या पलीकडचं काही लागेल, आणि ते ओळखून वेळेवर पुढे पाठवणं हे समुपदेशकाचं अर्धं काम. भूक-झोप उडाली, कानात आवाज येतात, हातावर वार दिसतात, महिनोन्‌महिने अंथरुणातून उठवत नाही, अशा वेळी नुसत्या गप्पा मारत बसणारा समुपदेशक घातकच. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नये. वीकेंडचा ऑनलाइन कोर्स करून "लाइफ कोच" झालेल्यांची आणि शाळेत येऊन माइकवर टाळ्या घेणाऱ्यांची मला भीती वाटते. त्यांच्या भाषणानंतर जी मुलं मोठ्याने टाळ्या वाजवत नाहीत, तीच माझ्याकडे यायला हवी असतात.

आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं की इंदुरात अजूनही एकच शब्द येतो: बाणगंगा. तिथे सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाची थट्टा करायची तर "याला बाणगंगेला नेऊन टाका" म्हणायची पद्धत. मुलांनी ती आपल्याकडूनच उचललीय. एक मुलगा मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "मॅम, मी बाणगंगा केस नाहीये." त्याला चिंतेचा त्रास होता, परीक्षेच्या आधी छाती धडधडायची, बोटांना मुंग्या यायच्या. श्वास आणि विचार हाताळायला शिकला, काही महिन्यांत परीक्षेला नीट बसू लागला. पण आईने सगळ्यांना सांगितलं होतं की तो गणिताच्या ट्यूशनला जातो. मी त्यावर काही बोलले नाही. सगळ्या गावाला सांगणं हेही काही धैर्य नव्हे. ते सांगायचं की नाही, हे त्या मुलाने ठरवायचं.

त्या आईने मात्र मला एक खूप कामाचं विचारलं. ती दर वेळी बाहेर अ‍ॅक्टिव्हावर बसून राहायची, फोनही न बघता. एकदा तो चपला घालत असताना आत येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगणार नाही हे मला पटलंय. पण मग मी करू काय? घरी जाताना त्याला काय विचारू?"

"गाडीवर काहीच विचारू नका," मी म्हटलं. "भूक लागलीय का, एवढंच विचारा. लागलेली असतेच."

"आणि त्याने आपणहून काही सांगितलं तर?"

"तर गाडी बाजूला घेऊन ऐका. मध्ये बोलू नका. आणि घरी गेल्यावर मावशीला फोन करू नका."

ती हसली. "मावशीला नाही हो," ती म्हणाली, "मी त्याच्या आजीला करते."

"आजीलाही नाही."